सटवाजी गँगवाल्याची धाव

फार वर्षांपूर्वी, तांबदऱ्याच्या माळावर गवतसुद्धा साहेबाला विचारून उगवायचं, तेव्हाची ही गोष्ट. ऐकणाऱ्याने खुशाल रागवावं. ही गोष्ट थंड डोक्याने ऐकायची नाहीच.

तांबदऱ्याला नुकती आगगाडी आली होती. स्टेशन झालं, पाण्याची टाकी झाली, बाबूलोकांच्या खोल्या झाल्या. मग साहेबलोकांना खेळायची हुक्की आली. त्या लायनीवर दर स्टेशनाचा एक संघ असे आणि सुटीच्या दिवशी हे संघ मालगाडीच्या डब्यात बसून एकमेकांच्या गावी क्रिकेट खेळायला जात. गावातली माणसं त्या खेळाला चेंडूफळी म्हणत.

तांबदऱ्याचं मैदान केलं कोणी? गँगवाल्यांनी. गँगवाले म्हणजे रूळ सांभाळणारी माणसं. त्यांनी माळावरचे धोंडे उपटले, मुरूम पसरला, बैलांच्या जागी स्वतःला जुंपून जमीन दाबायचा दगडी रूळ ओढला. मैदान आरशासारखं झालं, तेव्हा साहेबाने भोवती चुन्याची रेघ मारली आणि सांगितलं, गँगवाल्यांनी रेघेच्या आत पाऊल टाकायचं नाही. टाकायचं ते फक्त दगडी रूळ ओढताना. ज्यांनी मैदान केलं त्यांनाच मैदान बंद! याला न्याय म्हणायचं असेल तर अन्याय कशाला म्हणतात ते कोणीतरी सांगावं.

त्या गँगमध्ये सटवाजी होता. अंगाने काटक, बोलायला कमी. त्याची बायको भागूबाई मात्र बोलायला कमी नव्हती. तिला त्या रेघेचा फार राग होता. "तुमच्या खांद्याची सालं निघाली या मैदानापायी," ती नवऱ्याला म्हणायची, "आन् आता त्यात कुत्रं लोळतंय ते चालतंय, तुमी न्हाई चालत." सटवाजी हसायचा. पण कोणी बघत नसलं की रेघेबाहेर उभा राहून हातातलं फावडं फळीसारखं फिरवून बघायचा, हे भागूबाईला ठाऊक होतं. आपल्या माणसाने एकदा तरी त्या रेघेच्या आत उजळ माथ्याने उभं राहावं आणि त्याच्यामागून सगळ्या गँगने जावं, एवढंच तिला हवं होतं.

साहेबावर तिचा आणखी एक राग होता. साहेबाचं नाव पेंटन. सगळ्या लायनीवर त्याचा हुकूम चालायचा. एकदा भागूबाईने रुळाच्या कडेला सांडलेले कोळशाचे चार तुकडे चुलीसाठी वेचले. कोळशाच्या गाड्याच्या गाड्या बाजारात विकणारे मोकळे होते, पण पेंटनसाहेबाने हिला पकडलं आणि डोक्यावर त्याच कोळशाची पाटी देऊन दिवसभर फलाटावर उभं केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही. वर त्याने हुकूम काढला की मालगाडीच्या वाघिणीतून, म्हणजे मालाच्या डब्यातून, माझ्या सहीच्या चिठ्ठीशिवाय काडीसुद्धा काढायची नाही, तारेने कळवलेली परवानगी चालायची नाही. असं म्हणतात, त्या दिवशी भागूबाई रडली नाही. तिने तो हुकूम नीट ऐकून ठेवला.

मग माघातल्या एका रविवारी पेंटनसाहेब आपला संघ घेऊन तांबदऱ्याला खेळायला आला.

तांबदऱ्याचा कप्तान होता स्टेशनमास्तर खांबेटे. त्याच्या संघातला पार्सलबाबू नेमका तापाने फणफणला. एक माणूस कमी. खांबेटे मास्तर भला माणूस, पण साहेबापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. तरी त्याने इकडेतिकडे बघितलं आणि रेघेबाहेरच्या सटवाजीला म्हणाला, "ये रे बाबा आत. शेवटचा फलंदाज म्हणून ये."

साहेबाच्या भुवया कपाळात गेल्या. पण समोर अकरा माणसं नसली तर जिंकण्यात मजा कसली? "येऊ दे," तो मोडक्या मराठीत म्हणाला, "एक चेंडू खेळेल, बाद होईल. मग आपण चहा पिऊ."

तांबदऱ्याचे गडी भराभर बाद झाले. शेवटी एका टोकाला राहिला परचुरे तारबाबू. हा देहाने कणगीसारखा, त्यात गुडघे धरलेले. त्याला पळता येईना, म्हणून त्याच्या बदली पळायला दुसरा माणूस मागितला. साहेबाला हसू आवरेना. "कोणालाही पळू दे," तो म्हणाला. पंच होता म्हातारा ड्रायव्हर डिकुन्हा. त्याने पुन्हा विचारलं, "कोणालाही?" साहेब म्हणाला, "कोणालाही!" तेव्हा गँगमधला एक गडी रेघ ओलांडून आला आणि परचुऱ्यांच्या बदली उभा राहिला.

सटवाजी आत आला. हातात फळी. भागूबाईने बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाशी धरला होता. मैदानालगतच्या रुळावरून मालगाडी संथ चालली होती. साहेबाने स्वतः चेंडू टाकला, आणि सटवाजीने फावड्याने खडी उचलावी तशी फळी खालून वर आणली.

असं म्हणतात, तो चेंडू इतका वर गेला की घारी बाजूला झाल्या. खाली आला तो थेट चालत्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीत. आणि मालगाडी गेली निघून.

त्या काळी तांबदऱ्याच्या मैदानावर हद्द नव्हती, चौकार-षटकार नव्हते. चेंडू परत येईपर्यंत पळायचं, नाहीतर समोरच्या कप्तानाने 'चेंडू हरवला' म्हणायचं. तसं म्हटलं की सहा धावा मिळायच्या आणि खेळ पुढे चालायचा. डिकुन्हाने विचारलं, "साहेब, चेंडू हरवला म्हणता का?"

सहा धावा! आणि त्या एका गँगवाल्याला! साहेबाची मान ताठ झाली. "कंपनीच्या गाडीतून काहीही हरवत नाही," तो म्हणाला. "चेंडू पुढच्या स्टेशनावरून परत येईल. तोपर्यंत त्याला पळू दे. दमेल आणि बसेल."

बघा म्हणजे! सहा धावांचा मोठेपणा द्यायला नको, म्हणून माणसाला ऊर फुटेस्तोवर पळवायचं. त्या मनाला काय म्हणावं?

सटवाजी पळू लागला.

खांबेटे मास्तराने साहेबाच्या नावाने पुढच्या स्टेशनाला, करंजफाट्याला तार केली. उत्तर आलं: "चेंडू वाघिणीत दिसतो आहे. गाडी थांबवून ठेवली आहे. परंतु आपल्या सहीच्या चिठ्ठीशिवाय वाघिणीतून काडीही काढता येत नाही, आणि तारेची परवानगी चालत नाही, असा आपलाच हुकूम आहे." भागूबाईने ते ऐकलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती मोठ्याने हसली.

साहेब लाल झाला. "ट्रॉली आणा! मी स्वतः जातो." ट्रॉली होती, पण ती ढकलतं कोण? ढकलणारे गँगवाले. आणि गँगवाले होते मैदानात. परचुऱ्यांच्या बदली पळणारा पहिला गडी दमला, की रेघेवरून दुसरा येई. दुसरा दमला की तिसरा. साहेबाने आरडाओरडा केला, तेव्हा डिकुन्हा म्हणाला, "आपणच म्हणालात साहेब, कोणालाही." गँगचा एकही माणूस रेघेबाहेर उरला नाही. मग साहेब बूट घालून करंजफाट्याच्या वाटेने रुळांमधून चालत निघाला. ज्या खडीवर गँगवाल्यांचे पाय रोज सोलून निघत, ती खडी त्याच्या बुटालाही त्या दिवशी पहिल्यांदा टोचली असेल.

इकडे सटवाजी पळतच होता. परचुऱ्यांच्या बदली पळणारे बदलत होते, पण त्याच्या बदली पळायला कोणी नव्हतं. त्याचे ओठ फुटले, पावलांतून रक्त आलं. साहेबाचे खेळाडू सावलीत आडवे होऊन घोरायला लागले. खांबेटे मास्तर रडवेला झाला. "सटवाजी, बस रे बाबा. तू बसलास तर कोणी काही म्हणणार नाही."

"मी बसलो," सटवाजी धापा टाकत म्हणाला, "तर उंद्या ह्यो म्हणंल, गँगवाला बसला. पुन्यांदा कुनाला आत घेनार न्हाई."

आणि सूर्य मावळला की खेळ संपवायचा, असा नियम. पण असं म्हणतात, त्या दिवशी सूर्य डोंगराच्या माथ्यावर टेकला आणि तिथेच राहिला. स्टेशनातल्या घड्याळाने दिवेलागण केली, जेवणवेळ केली. पाखरं झाडावर बसू की उडू अशी घोटाळली. सूर्य काही हलेना. त्यालाही या अन्यायाचा राग आला होता, असं तांबदऱ्याच्या म्हाताऱ्या सांगत.

शेवटी परचुऱ्यांच्या बदली पळायला एकही गडी उरला नाही. शेवटचा गुडघ्यावर आला. तेव्हा भागूबाईने कासोटा खोचला आणि रेघ ओलांडली.

"अगं बाई, तू कुठे!" खांबेटे मास्तर ओरडला.

"साहेब काय म्हनले व्हते? कोनालाबी," भागूबाई म्हणाली. "मी काय कोनीच न्हाई व्हय?"

ती पळत समोरून आली, तेव्हा सटवाजीने मान वर केली. दोघं मध्यावर एकमेकांजवळून गेले. "थांबू नगा," ती म्हणाली, "मी हाय." पुढच्या फेरीला ती ओला पदर घेऊन आली आणि पळता पळताच त्याच्या तोंडावरून फिरवून गेली. असं म्हणतात, त्या पदराच्या पाण्याने त्याच्या पायांत नवा जोर आला. मग तिच्यामागून बाकीच्या बायकाही आत आल्या. चुन्याची रेघ इतक्या पावलांनी पुसली की ती कुठे होती तेही कळेना.

आणि मग साहेब परत आला. डोक्यावर टोपी नाही, पाय लंगडत, तोंडावर कोळशाची धूळ. तो थेट मैदानात शिरला, सटवाजीकडे बघितलं, पळणाऱ्या बाईकडे बघितलं, आणि कंबरेवर हात ठेवून ओरडला, "चेंडू हरवला! सहा धावा!"

सगळे टक लावून बघू लागले. कारण साहेबाच्या विजारीचा खिसा टम्म फुगला होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चेंडू वाघिणीत दिसत होता तेव्हा तो हरवला नव्हता, आणि खिशात घातल्यावर हरवला! बाद करायला समोर माणूस होता, हातात चेंडू होता. पण तसं केलं तर पळून झालेल्या सगळ्या धावा मोजाव्या लागल्या असत्या, म्हणून या गृहस्थाने चेंडूच गिळला.

डिकुन्हा पुढे झाला. "साहेब, पळून झालेल्या धावा जात नाहीत. जेवढ्या पळाला तेवढ्या त्याच्या."

"सहा," साहेब म्हणाला. "मी सांगतो. सहा."

भागूबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. फलाटावर डोक्यावर पाटी घेऊन उभी केलेली तीच ही बाई. "साहेब," ती म्हणाली, "चार खडं कोळशाचं उचललं तर मला चोर म्हनलात. त्ये मी समद्या गावाला दिसंल असं डोईवर घेऊन हुबी व्हते. तुमी तुमचं खिशातलं दाखवा."

साहेबाने खिशावर हात ठेवला. दाखवलं नाही. खांबेटे मास्तर खाली बघत होता, परचुरे तारबाबू खाली बघत होता. शिकलेली, पगारदार माणसं, आणि एकाच्याही तोंडून शब्द निघू नये! सटवाजीने शेवटची धाव पुरी केली, फळी खेळपट्टीच्या टोकाच्या रेघेवर टेकवली आणि बसला. तेव्हा कुठे सूर्य डोंगराआड गेला.

साहेबाने दुसऱ्याच दिवशी सटवाजीला कामावरून काढलं. कारण दिलं, कामाच्या माणसांना खेळाला लावलं. म्हातारा डिकुन्हा घरी बसवला गेला. सटवाजी आणि भागूबाई बोचकं उचलून रुळाच्या कडेने चालत गेले. कुठे गेले, कोणी सांगत नाही. असं म्हणतात, आजही तांबदरा ते करंजफाटा मालगाडी संथ झाली की दोन माणसं तिच्या बाजूने पळताना दिसतात. एक पुढे, एक मागे, आणि दोघंही हसत असतात.

साहेबाने मैदानाला काटेरी तारेचं कुंपण घालायचा हुकूम दिला. घालायचं कोणी? त्याच गँगने. पोटाचा प्रश्न होता, गँगने खांब रोवले. पण तारा बांधायच्या आधी एकेक माणूस आत गेला, खेळपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला, आणि मगच बाहेर येऊन त्याने तार पिळली.

साहेब गेला, कंपनी गेली. मैदान अजून रेल्वेच्याच ताब्यात आहे आणि त्यावर 'आत येण्यास मनाई' अशी पाटी आहे. दरवर्षी माघातल्या त्या रविवारी तांबदऱ्याचं अख्खं गाव तारा उचकटून आत शिरतं. लेकीबाळी, म्हातारेकोतारे, कडेवरची पोरं, सगळे एकेक धाव घेतात. ज्याला पळवत नाही, त्याच्या बदली कोणीही पळतं. धावा कोणी मोजत नाही. सहा म्हणायची तर त्या दिवशी कोणाची छाती नाही. दुसऱ्या दिवशी रेल्वेची गँग कुंपण दुरुस्त करायला येते. ती माणसं दूरदूरच्या गावांची असतात, त्यांना कोणी काही शिकवलेलं नसतं. तरीही ती आधी अवजारं खाली ठेवतात, चपला काढतात, आत जाऊन एकेक धाव घेतात, आणि मगच तारेला हात लावतात.