ठकूआत्याची पाचर आणि रुसलेले मामा

फार वर्षांपूर्वी, करंजखोलात चूल आणि भांडण सोडलं तर दुसरं काही पेटत नसे, तेव्हाची ही गोष्ट. गावात ठकूआत्या नावाची म्हातारी लाकडं फोडायची. अंगानं काडी, पण कुठला ओंडका कुठून उकलेल हे तिला नुसतं बोटानं टकटक करून कळायचं. असं म्हणतात, की ती कुऱ्हाड घेऊन निघाली की रानातली वाळकी झाडं आपणहून आडवी व्हायची. मी पाहायला नव्हतो, पण खोटं बोलून गावाला काय मिळणार?

एकदा गावातल्या शेवंताचं लग्न निघालं. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस कोसळला आणि रचलेलं सगळं सरपण भिजलं. कोरडा राहिला तो मांडवाखालचा चिंचेचा एकच ओंडका, बैलाएवढा. नेमके त्याच्यावरच नवऱ्या मुलाचे मामा जाऊन बसले. रुसले होते. मानाचा फेटा त्यांच्याआधी नवऱ्याच्या काकांना बांधला, एवढाच गावाचा गुन्हा.

“पहिलं पान मला वाढा, मगच उठंन,” मामा गरजले. “उन्हं कलायच्या आत पान आलं न्हाई, तर वऱ्हाड माघारी!”

आता पान वाढायचं तर स्वयंपाक हवा, स्वयंपाकाला लाकूड हवं, आणि लाकडावर मामा! मानाच्या माणसाला ऊठ म्हणायची छाती कुणाची? आचारी थंड चुलीपुढे बसून राहिला. आत हळदीच्या अंगानं शेवंता रडत होती. वऱ्हाड परत गेलं असतं तर दोष तिलाच लागला असता. मला तर अजून राग येतो.

शेवटी ठकूआत्या आली.

“बसा मामा, बसा. तुमच्या रुसव्याला म्या कशाला हात लावू? म्या आपलं माझं काम करते.”

तिनं ओंडक्याच्या टोकाला पाचर लावली आणि घणाचा एकच ठोका घातला. असं म्हणतात, की तो ऐकून तीन डोंगरांपलीकडचे कोंबडे भर दुपारी आरवले. चीर सरसरत मामांच्या खालून गेली आणि धोतराचा सोगा तिच्यात शिरला. तशी आत्यानं हलकेच पाचर उपसली. ओंडका मिटला, धोतर आत.

“आता जावा माघारी,” आत्या म्हणाली. “धोतर तेवढं ऱ्हाऊ द्या.”

मामांनी ओढून पाहिलं. सगळा मांडव बघत होता. मग ते हळूच म्हणाले, “आत्याबाई, अक्षता टाकूनच जातो. पर ती पाचर मारा की!”

दुसऱ्या ठोक्याला ओंडक्याची दोन शकलं झाली आणि मामा मधोमध भुईवर आले. पहिली हसली ती दारातून बघणारी शेवंता. मग मामाही हसले. असं म्हणतात, की त्या एका ओंडक्यावर पाच गावं जेवली. पहिलं पान मामांनाच वाढलं.

करंजखोलात अजूनही लग्नाच्या मांडवात एक ओंडका न फोडता ठेवतात. नवऱ्याच्या मामाला मानानं त्यावर बसवतात, आणि गावातली सगळ्यांत म्हातारी बाई हातात पाचर घेऊन विचारते, “मामा, रुसलाय का?” हल्ली मामा पँट घालून येतात. तरी प्रश्न पुरा व्हायच्या आत उठून उभे राहतात.