लिबलिबीची सावली गेली

एक होती गोगलगाय. वाटाण्याएवढी. नाव तिचं लिबलिबी. ती राहायची परसात, दोडक्याच्या वेलीखाली, गारेगार सावलीत.

एकदा काय झालं? प्लॅस्टिकच्या पाइपांचा मांडव उन्हात तापला. तापला, वाकला, आणि वेल पडली धप्प! सावली गेली. लिबलिबीला बसले चटके. "आई आई गं! आता मी वाळणार!"

गेली वेलीकडे. सुळुक सुळुक.
"वेली वेली, वर चढ. सावली पडेना, मी करू काय?"
"पाइप आहे वाकलेला. मी नाही चढत, जा!"

गेली पाइपाकडे. सुळुक सुळुक.
"पाइपा पाइपा, उभा राहा. वेल चढेना, सावली पडेना, मी करू काय?"
"ऊन खाऊन कंबर गेली माझी. अंगाला पांढरा रंग हवा. तोवर नाही उभा राहत, जा!"

गेली रंगाकडे. सुळुक... सुळुक. पोट भाजलं.
"रंगा रंगा, पाइपाला लाग. पाइप उभा राहीना, वेल चढेना, सावली पडेना, मी करू काय?"
"पाइप केवढा गुळगुळीत! मी घसरतो सर्रर्र! आधी खरखरीत पॉलिश पेपरनं घासा. तोवर नाही लागत, जा!"

गेली पेपराकडे. सुळुक... सुळुक. तोंडाला कोरड पडली बिचारीच्या.
"पेपरा पेपरा, पाइप घास. रंग लागेना, पाइप उभा राहीना, वेल चढेना, सावली पडेना, मी करू काय?"
"मला का हात आहेत? शेवंतामामीला सांग. तोवर नाही घासत, जा!"

मांडव होता शेवंतामामीचा. मामी बसली होती दारात.
"मामी मामी, पेपर धर. पेपर घासेना, रंग लागेना, पाइप उभा राहीना, वेल चढेना, सावली पडेना, मी करू काय?"
"एवढ्या उन्हात? छे बाई! मांडवाखाली सावली पडू दे, मग येते."

झालं! मामी आल्याशिवाय सावली पडेना. सावली पडल्याशिवाय मामी येईना. आता जायचं तरी कुठं? लिबलिबीचा धीरच सुटला. ती शंखात शिरली. मुळुमुळु रडली. रडता रडता गप्पच झाली.

मामी घाबरली. "अगंबाई! वाळली की काय पोर?" तिनं चटकन लिबलिबीवर पदर धरला. पदराखाली काय पडलं? सावली! एवढीशी, पण गार.
"बघा माझं वेड! सावली माझ्या खांद्यावर, आणि मी सावलीची वाट बघत बसलेय!"

मामीनं डोक्यावर पदर घेतला. लिबलिबीला पदराआड धरलं. चालली मांडवाकडे, तरातरा.

मामीनं पेपर धरला. पेपरानं पाइप घासला, खर्र खर्र. रंग लागला, चप्प चप्प. पाइप उभा राहिला, ताठ! वेल चढली, सर सर सर. सावली पडली.

लिबलिबीनं एक शिंग बाहेर काढलं. हळूच दुसरं काढलं.
"मामी, मी आहे गं!"

लिबलिबी झाली गारेगार, आमची गोष्ट झाली पार.