बोटाखालचा पूल

“मग चुकतंय कुठं, आक्का?”

आक्कांनी कॅमेऱ्यातला फोटो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि कॅमेरा परत दिला.

“चांगला हाय की. पूल हाय, नदी हाय, उजेड हाय.”

“पण जीव नाही त्यात.”

“एवढं कळतंय म्हंजे तू अगदीच वाया गेलेला न्हाईस.”

जुन्या पुणे-कोल्हापूर रस्त्यावरचा तो पोलादी पूल सोमवारपासून गॅस कटरनं कापायला घेणार होते. आज शनिवार. फोटोग्राफर निवास थोरवडे तीन दिवस गावात मुक्कामाला होता आणि तिन्ही दिवस आक्कांच्या दारात येऊन बसत होता. आक्कांनी तीस वर्षं या पुलाचा गंज खरवडला, त्याला रंग दिला, त्याचे सैल झालेले रिबीट शोधले. अक्षर एक येत नव्हतं. पण त्यांनी ‘चालंल’ म्हटल्याशिवाय पुलाच्या तपासणीवर साहेबाची सही होत नसे, आणि हे सांगायला त्या कधी लाजल्या नाहीत. लाजायचं कशाला?

“छप्पन्न जुन्या पुलांचे फोटो काढलेत मी,” निवास म्हणाला. “एकाही फोटोत माणूस नाही, गाडी नाही. शेळीसुद्धा येऊ देत नाही.”

“शेळीनं काय घोडं मारलंय तुझं?”

तो हसला नाही.

“हा फोटो अण्णांसाठी आहे, आक्का. माझ्या वडलांसाठी. सव्वीस वर्षं एसटी चालवली त्यांनी या पुलावरनं. आता काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत. म्हणाले, पाडायच्या आधी एकदा पूल आणून दे मला... तीन फुटी फोटो करून खाटेसमोर लावणार आहे.”

“बघणार कोण?”

“...मी सांगीन ना त्यांना, काय काय आहे ते.”

“आन् ते काय सांगत्यात पुलाचं?”

“त्यांचं एकच. पूल लागला की स्टेअरिंगमधून हाताला मुंग्या यायच्या म्हणे. शंभरदा ऐकलंय.”

“नुसतं ऐकलंयस?”



आक्का उठल्या. कोनाड्यातली बारकी हातोडी घेतली आणि पुलाकडं चालू लागल्या. तो मागोमाग.

पहिल्याच खांबाशी त्या थांबल्या. पोलादी पट्ट्या जोडणारे गोल डोक्यांचे रिबीट ओळीनं वर गेले होते.

“कॅमेरा खाली ठेव. डोळं मीट. बोट लाव.”

रिबिटाच्या एका अंगाला त्याचं बोट, दुसऱ्या अंगाला आक्कांची हातोडी.

टक्.

“काय?”

“काही नाही.”

“घट्ट हाय. फुडचा.”

टक्.

“काही नाही.”

“फुडचा.”

टक्...

निवासनं चटका बसल्यासारखं बोट मागं घेतलं.

“हा थरथरला!”

“सैल हाय. चार वर्षं ओरडतीया मी.”

त्यानं बोट परत लावलं, स्वतःहून. आक्कांनी परत मारलं. परत... परत... त्याचे डोळे मिटलेलेच होते आणि त्यातून पाणी यायला लागलं होतं. आक्का दुसरीकडं बघत हातोडी मारत राहिल्या.

मग त्यानं खिशातून फोन काढला.

“अण्णा, उद्या सकाळी गाडी घेऊन येतो. ...नाही, फोटो नाही झाला. तुम्ही फक्त तयार राहा. पुलावर जायचंय.”

 तिकडून एक खाकरणं, आणि एक म्हातारा आवाज. तो आक्कांनाही ऐकू आला.

“खाकी घालू का रं?”

 निवासनं नुसती मान हलवली, फोनसमोर.

आक्कांनी हातोडी पदराला पुसली.

“लवकर आण त्यास्नी. धा वाजले की लोखंड तापतं... बोट भाजंल.”