क्वातीनं मान वर केली

बसा, पण दाराकडे पाठ करू नका. ही गोष्ट तशी ऐकायची नसते.

फार वर्षांपूर्वी, साता समुद्रापलीकडे अमेरिकेच्या निळ्या धुक्याच्या डोंगरांत, चेरोकी लोकांच्या एका गावात क्वाती नावाची वैदीण राहायची. झाडपाला ती द्यायचीच, पण तिचं खरं काम राखणीचं. त्या मुलखात काळजं खाणारे असतात, असं म्हणतात. माणूस आजारी पडला की ते डोमकावळ्यासारखे ओरडत, हवेतून उडत येतात, त्याचं काळीज खातात आणि त्याचं उरलेलं आयुष्य आपल्या आयुष्याला जोडतात. अंगावर ओरखडासुद्धा उमटत नाही. त्यांना ओळखणारी नजर फक्त वैद्याला असते, आणि वैद्यानं ओळखलं की खाणारा सात दिवसांत मरतो.

ही विद्या क्वातीला अयोका मावशीनं शिकवली होती. तिकडे मूल आईच्या कुळाचं, म्हणून मावशीही आईच. अयोका इतकी म्हातारी होती, की तिला तरुण पाहिलेलं माणूसच गावात उरलं नव्हतं. क्वाती कुठंही राखणीला बसली, की दिवस कलताना अयोका नदीपलीकडच्या आपल्या घरून मक्याच्या पेजेचा वाडगा घेऊन यायची. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणं तिकडे उद्धटपणाचं. क्वाती खाली मान घालून वाडगा घ्यायची, खाली मान घालून प्यायची. वाडगा रिकामा होईपर्यंत पुष्कळदा आजाऱ्याचा श्वास थांबलेला असायचा.

तुम्ही म्हणाल, एवढी शहाणी बाई, तिला कळलं कसं नाही? काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय. छपरावर, झाडांवर, धुक्यात ती शोधायची. वाडग्यामागं तिनं कधी शोधलं नाही.

मग तिचा धाकटा भाऊ इनोली तापानं पडला. चौथ्या दिवशी ताप उतरला, त्यानं डोळे उघडून भूक लागल्याचं सांगितलं. त्याच सांजेला छपरावर डोमकावळा ओरडला. गावातली कुत्री एकदम गप्प झाली. दारावरचं कातडं बाजूला झालं आणि अयोका आत आली.

"दमलीस गं पोरी. पी."

क्वातीनं खाली मान घालून हात पुढं केला. त्या दिवशी तिची नजर वाडग्याखाली गेली. नदी ओलांडून आलेल्या मावशीचे पाय कोरडे होते.

तिला मान वर करायची नव्हती. केली तर आई जाणार, नाही केली तर भाऊ. इनोली झोपेत कण्हला, आणि क्वातीनं मान वर केली.

समोर अयोकाचाच चेहरा होता. पण त्याच्या सुरकुत्यांमधून क्वातीनं आजवर राखणीला बसून गमावलेली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती.

अयोका रागावली नाही. वाडगा खाली ठेवून म्हणाली, "शिकवलं मीच तुला. आता सात दिवस." मग दारात थांबली. "आम्ही मेलो की दुसरे चेटके येऊन आमचं मढं उकरतात. माझ्यापाशी कोण बसणार?"

"मी बसेन, आई," क्वाती म्हणाली.

सात दिवस ती बसली. अयोका रोज वेगळ्या आवाजात बोलायची, असं म्हणतात. एकदा म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या आवाजात तिनं धनुष्य मागितलं, एकदा बाळंतिणीच्या आवाजात बाळ मागितलं. क्वाती आवाज ओळखायची, नाव घेऊन "जा आता" म्हणायची, आणि तो आवाज पुन्हा येत नसे. सातव्या दिवशी एका लहान मुलीचा आवाज उरला. तो अयोकाचा स्वतःचा होता, गावात कुणीच कधी न ऐकलेला. "उठू नकोस," एवढंच तो म्हणाला. थडग्यावर शेवटची माती पडेपर्यंत क्वातीनं अयोकाला सोडलं नाही.

इनोली पुढं म्हातारा होऊन मेला.

त्या गावात आजही आजाऱ्याच्या घरी येणारा उंबऱ्यापाशी थांबतो. राखणीला बसलेली लहान पोर असली, तरी ती मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघते, मग तो तिचा आजोबा का असेना. म्हातारी माणसं रागावत नाहीत. उलट उजेडाकडे तोंड करून उभी राहतात. आणि मरणारा कितीही वाईट असो, त्याच्यापाशी कुणीतरी बसतंच. का, म्हणून विचारलं तर सांगतात, क्वाती बसली होती.