तोफ्या, पिंगळी आणि राणीसाहेबांचा विडा

युवराज झोपले की महाराजांचे कुत्रे भुंकायचे, आणि कुत्रे भुंकले की युवराज उठायचे. युवराज एकदा उठले की त्यांना पुन्हा झोपवायला अर्धं राज्य लागायचं.

रंगराव महाराज रोज संध्याकाळी सज्जाखालच्या अंगणात आपल्या चार कुत्र्यांना ओरडून ओरडून चेंडू आणायला शिकवत. महाराजांना एवढा एकच छंद, आणि राणीसाहेबांना एवढं एकच बाळ. शेवटी राणीसाहेब म्हणाल्या, "एक तर हे भुंकणं थांबवा, नाही तर मी बाळाला घेऊन माहेरी चालले."

आधी दिवाणजींनी उपाय केला. अंगणाभोवती वीस शिपाई उभे केले. कुत्रं भुंकलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "गप्प!" कुत्र्यांना वाटलं, वा, आज खेळायला माणसंही आली! त्या संध्याकाळी युवराजच काय, नदीपलीकडचं गावही उठून बसलं.

मग महाराजांनी कुत्र्यांची निगा राखणाऱ्या बहिरूला बोलावलं.

"आठ दिवस देतो. तोवर आम्ही अंगणात येणार नाही. पण नवव्या दिवशी कुत्रे धावले पाहिजेत, नाचले पाहिजेत, शेपट्या हलल्या पाहिजेत, आणि भुंकणं नाही. तोंडं बांधायची नाहीत, मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. खेळणार आम्ही स्वतः. जमलं नाही तर कुत्रे रानात, आणि तू बायकोपोरासकट वेशीबाहेर."

बहिरू घरी आला तो तोंड पाडूनच. त्याची बायको गोजरा तान्ह्या लेकीला थोपटत होती.

"काय म्हणाले महाराज?"

"कुत्र्यांना मुकं करायचंय."

"हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"गोजरे, डोक्यावरचं छप्पर जातंय आपलं."

"ते आठ दिवसांनी. ही उठली तर माझं डोकं आत्ताच जाईल."

दुसऱ्या दिवसापासून गोजराच अंगणात जायला लागली. लेकीची झोळी चिंचेला बांधायची आणि कुत्र्यांशी खेळायचं, तेही कुजबुजत. हे बरोबर की चूक, तिला ठाऊक नव्हतं. लेक कशी वाढवायची तेही कुठे ठाऊक होतं? सासू एक सांगे, शेजारीण दुसरं, आणि लेक तिसरंच करी. एवढं मात्र तिला कळून चुकलं होतं, की पोर किंचाळलं म्हणून आपणही किंचाळलो तर जिंकतं पोरच. म्हणून कुत्रं भुंकलं की ती चेंडू पदराआड घेई आणि पाठ फिरवी. कुत्रं गप्प झालं की चेंडू लगेच हवेत! तोफ्या पटकन शिकला. चित्र्या आणि ढगू त्याचं बघून शिकले. पिंगळीला वेळ लागला, कारण तिला चेंडूपेक्षा गप्पांची आवड.

आठव्या दिवशी बहिरूनं पाहिलं तर चौघंही धूळ उडवत पळताहेत आणि झोळीतली लेक गाढ झोपलेली.

"अगं, शिकले की सगळे!"

"एक राहिलाय."

"कोण, पिंगळी?"

"तिच्याहून मोठा," म्हणत गोजरानं पदर सारखा केला आणि ती थेट राणीसाहेबांकडे गेली.

"राणीसाहेब, उद्या खेळाआधी महाराजांना आपल्या हातानं एक विडा द्याल?"

"एवढंच?"

"जरा मोठा करा."

त्या राज्याची रीतच होती. राणीच्या हातचा विडा राजानं थुंकायचा नाही आणि घाईनं गिळायचाही नाही. शांतपणे चघळायचा. राणीसाहेबांनी गोजराकडे रोखून पाहिलं, आणि मग हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

नववी संध्याकाळ आली. सज्जात पाळणा, पाळण्यात युवराज. महाराज अंगणात उतरले ते दोन्ही गाल फुगवूनच. त्यांनी चेंडू उचलला, सवयीनं ओरडायला गेले आणि नुसतं "उंऽ" झालं. चेंडू सुटला. तोफ्या सुटला. महाराज हात नाचवत होते, पाय आपटत होते, डोळे मोठे करत होते, पण आवाज म्हणून नाही! कुत्रे आडवेतिडवे धावत होते, एकमेकांवर लोळत होते, आणि ऐकू येत होती ती फक्त पंजांची थपथप. दरबारी श्वास रोखून उभे. पाळणा शांत.

इतक्यात महाराजांचा विडा संपला.

"शाब्बास रे माझ्या वाघा!"

झालं! तोफ्या भुंकला, पिंगळी भुंकली, चित्र्या आणि ढगू मागे कसे राहतील? सज्जातून युवराजांनी भोकाड पसरलं.

"अट मोडली," दिवाणजी म्हणाले. "बहिरू, गाठोडं बांध."

गोजरा पुढे झाली.

"दिवाणजी, महाराजांच्या तोंडात विडा होता तोवर एक तरी कुत्रा भुंकला?"

"नाही."

"मग विडा संपल्यावर पहिला आवाज कुणाचा आला?"

दिवाणजी आभाळ न्याहाळू लागले. दरबारी आपापले जोडे बघू लागले.

"आमचा," महाराज म्हणाले. मग त्यांच्या भुवया चढल्या. "म्हणजे बहिरूला कुत्रे शिकवायला सांगितले, आणि तू आम्हालाच शिकवायला निघालीस?"

"छे, महाराज. कुत्र्यांना शिकवलं. आपल्याला मी कोण शिकवणार? म्हणून तर विडा मोठा करायला सांगितला."

मग महाराज असे हसले, असे हसले, की फेटा सुटून गळ्यात आला. कुत्र्यांनी साथ दिली. युवराज रडता रडता थांबले आणि तेही खिदळायला लागले. चिंचेखालची लेक तेवढी जागी झाली, आणि गोजरानं कपाळावर हात मारला.

"ऐका सगळे," महाराज म्हणाले, "आम्ही या बाईला बक्षीस..."

तेवढ्यात राणीसाहेब जिना उतरून आल्या आणि त्यांनी दुसरा विडा महाराजांच्या तोंडात घातला.

आता बोलायची सोय राहिली नाही. महाराजांनी बहिरूच्या घराकडे बोट दाखवलं, मग बहिरूकडे, आणि छातीवर हात ठेवून मान डोलावली, म्हणजे घर तुमचंच. मग मनगटातलं सोन्याचं कडं काढलं आणि गोजराकडे टाकायला गेले. पण हाताला सवय चेंडूची. कडं गेलं उंच, तिच्या डोक्यावरून पार चिंचेपलीकडे.

तोफ्यानं झेप घेतली, ते हवेतच झेललं, दुडक्या चालीनं परत आला आणि गोजराच्या पदरात आणून टाकलं. एकदाही न भुंकता.