जावईबापू, स्प्लिट करा!

मुलूखभर शोधून सापडला नसता, इतका भोळा जावई हैबतरावांना घरबसल्या मिळाला होता. त्याचं नाव येसबा. हैबतराव पलटणीतले निवृत्त सुभेदार. हुकूम सोडताना एखादा इंग्रजी शब्द पेरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

धाकटी मेहुणी शेवंता हिच्या लग्नाला येसबा सासुरवाडीला आला. बायको इंदूने वाटेतच बजावलं, "माहेरी माझी लाज राखा. बाबा सांगतील तेवढंच करा."

"तेवढंच करीन," येसबा म्हणाला.

सकाळी हैबतराव म्हणाले, "जावईबापू, ही लाकडं स्प्लिट करा."

"म्हणजे?"

"मधोमध कुऱ्हाड घालायची. दोन तुकडे."

येसबाने ढीगभर लाकडं फोडली. इंदू आनंदाने दोनदा चहा घेऊन आली.

दुपारी लाडू वळून झाले. "जावईबापू, हे लाडू आपल्या आणि नवरदेवाच्या, दोन्ही घरांत स्प्लिट करा."

लाडू तीनशे होते. येसबाने एकेक लाडू पाटावर ठेवला आणि मधोमध कुऱ्हाड घातली. संध्याकाळी नुसता चुरा उरला.

हैबतरावांनी कपाळ धरलं. पण जावयावर ओरडणार कसं? "अहो जावईबापू, इथे स्प्लिट म्हणजे वाटणी. अर्धं या घरी, अर्धं त्या घरी."

"असं होय!"

दुसऱ्या दिवशी दोन आत्या एका खुर्चीवरून भांडायला लागल्या.

"जावईबापू, त्यांना स्प्लिट करा!"

येसबाने एक आत्या कुंभाराच्या घरी नेऊन दिली, दुसरी पोस्टमास्तरांकडे.

"ह्या कोण?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"तुमच्या वाटणीच्या."

हैबतरावांनी स्वतः जाऊन दोन्ही आत्या परत आणल्या. "अहो, भांडणात स्प्लिट म्हणजे हाताला धरून लांब न्यायचं. पुन्हा जवळ येऊ द्यायचं नाही!"

येसबाने ते तीनदा घोकलं.

लग्नाचा मुहूर्त आला. अंतरपाट दूर झाला. शेवंताने माळ उचलली, तोच मागे दोन्हीकडच्या पोरांची थट्टेथट्टेत धक्काबुक्की सुरू झाली.

"जावईबापू, स्प्लिट!" हैबतराव ओरडले.

येसबाने पाहिलं. एकमेकांच्या सगळ्यांत जवळ नवरा-नवरीच उभी होती. त्याने नवरदेवाचा हात धरला. थोरल्या जावयाचा हा काहीतरी मान असेल, असं समजून नवरदेव मुंडावळ्या सावरत निमूट चालू लागला.

बराच वेळ झाला. भटजी थांबले. शेवंताचे हात माळ धरून भरून आले. मग येसबा घाम पुसत एकटाच परतला.

"जावईबापू, नवरदेव कुठाय?"

"स्प्लिट केला. विटांच्या ट्रकात बसवून दिला."

"अहो, परत बोलवा त्याला!"

"छे! पुन्हा जवळ येऊ द्यायचं नाही ना? ड्रायव्हरला बजावलंय, सोलापूरच्या अलीकडे थांबायचंच नाही."