भैरू कॅलामारी खातो

घाटाच्या डोक्यावरच्या एका गावात भैरू नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं काम करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. अडचण एवढीच, की तो नेमकं सांगितलेलंच करायचा.

आईबाप लहानपणीच गेले. हौसाआत्यानं त्याला वाढवलं, आणि तिनंच त्याचं लग्न जमवलं. मुलगी घाटाखालची, समुद्राकाठची. नाव दीपाली परब. बघायच्या दिवशी तिनं विचारलं होतं, "घरात काय काम करता?"

भैरू म्हणाला, "सांगाल ते."

असं बोलणारा पुरुष दीपालीनं आजवर पाहिला नव्हता. तिनं तिथंच होकार दिला.

आता राहिली अंगठी. दीपाली म्हणाली, "मांडव नको, बँडबाजा नको. आमच्या गावात पावलूचं इटालियन हॉटेल आहे. तिथली कॅलामारी मला फार आवडते. तिथंच घालू अंगठ्या."

पावलूनं बरीच वर्षं बोटीवर स्वयंपाक केला होता. तिथं शिकलेलं तो आता गावात रांधायचा. चार टेबलं, भिंतीवर एक वाकडं जहाज, आणि आतल्या बाजूला हात धुवायची जागा आणि संडास. एवढंच हॉटेल.

हौसाआत्या आणि भैरू घाट उतरून वेळेवर पोचले. दीपाली आधीच येऊन बसली होती. तिचे वडील गाडी लावायला जागा शोधत होते. आत्यानं बजावलं, "भैरू, हितं श्यानपना करू नगंस. मी सांगंन तसंच कर."

"बरं," भैरू म्हणाला.

टेबलावर प्रत्येकापुढं कापडी रुमाल होता. कमळासारखी घडी घातलेला. भैरूनं तो उचलला, वास घेतला आणि कानावर खोवला.

"आरं, ते फूल न्हवं!" आत्या कुजबुजली. "हाटेलात पुढ्यात येईल ते आधी मांडीवर पसरायचं असतंय."

भैरूनं ध्यानात ठेवलं.

तेवढ्यात पावलू कॅलामारीची ताटली घेऊन आला. सोनेरी तळलेल्या गोल गोल कड्या. अजून चुरचुरत होत्या. त्यानं ताटली भैरूच्या पुढ्यात ठेवली, आणि बाजूला लिंबाच्या फोडी आणि तांबड्या चटणीची वाटी. भैरूनं ती उचलली आणि मांडीवर पालथी केली. मग दोन्ही हातांनी कड्या नीट पसरल्या.

दीपाली बघतच राहिली.

भैरूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तो हलला नाही. म्हणाला, "आत्या, पसरलं. भाजतंय."

आत्यानं कपाळावर हात मारला. पावलू धावत आला, कड्या झाडल्या, दुसरी ताटली आणायला आत गेला. दीपालीनं हसू दाबत समजावलं, "अहो, ते खायचं असतं. माकूल म्हणतात त्याला, समुद्रातला जीव. त्याच्या कड्या कापून तळतात. वरून लिंबू पिळायचं."

आत्यानं भाच्याची लाज राखायला लगेच री ओढली, "ऐकलंस का? समोर काय बी नवीन आलं की आधी त्यावर लिंबू पिळायचं."

भैरूनं ध्यानात ठेवलं. लिंबाची फोड हातात धरून तयार बसला.

दारातून परबकाका आले. दीपालीचे वडील. भैरूनं त्यांना आजवर पाहिलंच नव्हतं. बघायच्या दिवशी ते मुंबईला होते. म्हणजे अगदी नवीन. काका हसत हसत टेबलापाशी आले, हात पुढं करून खाली वाकले आणि म्हणाले, "काय जावयबापू!"

भैरूनं लिंबू पिळलं.

"माझो डोळो गेलो रे!" काका ओरडले.

"अजून अर्धं राहिलंय," भैरू म्हणाला.

काका डोळा धरून आत धुवायला पळाले. जाता जाता ओरडले, "मुहूर्त टळूक देव नका! तुम्ही अंगठ्ये घाला, मी इलंयच!"

दुसरी ताटली आली. भैरू तिच्याकडे बघत राहिला. गोल वस्तू, मधे भोक. आज कार्यक्रम अंगठीचा. त्यानं एक कडी उचलून बोटात घातली. मग दुसऱ्या बोटात दुसरी. अंगठ्यासाठी मोठी शोधू लागला.

दीपालीला आता हसू आवरेना. आत्याला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. ती दातओठ खात म्हणाली, "आरं मुडद्या! असलं गोल दिसलं की बोटात घालायचं न्हाई. त्या तांबड्या चटणीत बुडवायचं आन तोंडात टाकायचं!"

भैरूनं ध्यानात ठेवलं. बोटातल्या कड्या काढून त्यानं एक एक चटणीत बुडवली आणि खाल्ली. वरून कुरकुरीत, आतून लवचिक. चटणी आंबटगोड. त्याचा चेहरा खुलला. घाटावर असं काही मिळत नव्हतं.

"आवडलं?" दीपालीनं विचारलं.

"लई," भैरू म्हणाला. आणि लाजला. दीपालीही लाजली. आत्याला वाटलं, देव पावला. आता अंगठी झाली की सुटलो.

तिनं पिशवीतून मखमली डबी काढली, झाकण उघडलं आणि भैरूपुढं धरली. आत सोन्याची अंगठी. दीपालीनं हात पुढं केला.

भैरूनं अंगठी बघितली. सोनेरी, गोल, मधे भोक. त्यानं ती उचलली, तांबड्या चटणीत बुडवली आणि तोंडात टाकली. चावून बघितली. चावेना, म्हणून गिळली.

"हे जरा जास्तच तळलंय," तो म्हणाला.

पावलूच्या हातातला चमचा खाली पडला. दीपालीचा हात तसाच पुढं राहिला.

आत्या किंचाळली. "आरं भैऱ्या! माझ्या गळ्यातलं मोडून केल्याली ती! ऊठ! आत गेलंय ते आधी भाईर काढ!"

भैरू ताडकन उठला. आत कोण गेलं होतं? त्यानं थोडा विचार केला, बाह्या सरसावल्या आणि तो आत गेला.

आतून धडपड ऐकू आली. मग पाण्याची बादली लवंडली. मग "अरे सोड माका! सोड!" अशी आरोळी आली. आणि भैरू परबकाकांना खांद्यावर घेऊन बाहेर आला. काकांच्या तोंडाला साबण होता आणि दोन्ही डोळे मिटलेले होते. टेबलाला वळसा घालून, दार पायानं उघडून, त्यानं त्यांना रस्त्याच्या कडेला अलगद उभं केलं. पलीकडच्या मासळीवाल्या बायका टोपल्या सोडून बघायला आल्या.

भैरू हात झटकत परत आला. आत्यापुढं उभा राहिला.

"काढलं, आत्या," तो धापा टाकत म्हणाला. "आत आनखी एकजण हायती. पर त्येंनी आतनं कडी लावलीया. दार मोडू का?"